चौदा नंबरची शून्यं

एक्याण्णव सालचा चैत. राणीसावरगावचा लिंबाजी दारातल्या लिंबाखाली बाजेवर पडून सरकारी काम करत होता. काम म्हणजे काय, तर शून्यं काढायची.

लिंबाजी वनखात्यात वाचर होता. माळावर हिंडून जनावरं बघायची, ही त्याची नोकरी. त्याच्याकडं पंधरा जागा होत्या आणि जागांना नंबर होते. पायी जायचं, कोणतं जनावर दिसलं, किती दिसली, ते छापील कागदावर लिहायचं. महिना सरला की कागद परभणीला धाडायचे. तिथं नवा कॉम्प्युटर आला होता. सगळे आकडे त्याच्या पोटात घालायचे आणि मग तो सांगणार, कुठला माळ राखायचा आणि कुठला उकरायचा. ज्यानं जन्मात माळ पाहिला नाही त्यानं माळाचा निवाडा करायचा. शिकल्या लोकांचं असंच असतं.

पण यंत्राला नावं ठेवून काय फायदा? खोटं यंत्र बोलत नव्हतं, लिंबाजी बोलत होता. चौदा नंबरला तो दोन वर्षांत एकदाही फिरकला नव्हता. बाजेवर पडल्या पडल्या शून्य, शून्य, शून्य.

त्याला कारण होतं. त्याचा जोडीदार सिताराम चौदा नंबरला मेला होता.

सिताराम आधी मानवतच्या मोंढ्यात धान्याचा मापाडी होता. मापाडी पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. लाभ, दोन, तीन. धान्य सुटलं तरी त्याची सवय सुटली नाही, जनावरंही तो तशीच मोजायचा. त्याच्या अंगरख्याला कायम गोणपाटाचा वास यायचा. लिंबाजी चिडवायचा, "काळवीट काय पोत्यात भरायलास का रे?" सिताराम म्हणायचा, "मोजल्याबिगर कायबी राहू नये बघ."

दोन वर्षांमागं अशाच चैतात चौदा नंबरची पाळी लिंबाजीची होती. त्यानं पोट दुखायलंय म्हणून सांगितलं. पोटात काही नव्हतं, आळस होता. सिताराम गेला आणि दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या काठी आडवा सापडला. ऊन लागलं, असं डॉक्टर म्हणाले. पाय अनवाणी होते. टायरच्या चपला होत्या त्याच्या, एका पट्ट्याला तांब्याची तार बांधलेली. लय हुडकल्या. सापडल्या नाहीत.

तर लिंबाजी शून्यं काढत होता आणि दारात जीप थांबली. वनखात्याचे कल्याणराव साहेब उतरले. हातात दोन्ही कडांना भोकं पाडलेला लांबलचक कागद.

"लिंबाजी, चौदा नंबरला सोमवारी बुलडोझर जाणार होता. माळ सपाट करून निलगिरी लावायची होती. पण कॉम्प्युटर म्हणतो, तिथं लांडगे आहेत."

लिंबाजी बाजेवरून उठला. "कुठं, साहेब?"

"चौदा नंबरला. लंगडी मादी आणि चार पिल्लं. पौषापासून दर आठवड्याला नोंद आहे. तूच लिहिलंस ना?"

लिंबाजीनं कागदाकडं बघितलं. त्यानं लिहिली होती ती शून्यं. नाही म्हणावं तर दोन वर्षांची लबाडी उघडी पडणार. हो म्हणावं तर...

"होय साहेब," तो म्हणाला.

"मग चल. वर कळवायच्या आधी मला डोळ्यानं बघायचंय. पिल्लं असतील तर बुलडोझर थांबवतो. नसतील तर बुलडोझर येईल आणि तुझी नोकरी जाईल. खोटे आकडे देणारा माणूस मला नको."

आषाढात लिंबाजी कायम होणार होता. अठरा वर्षं रोजंदारीवर काढली होती. त्याची बायको चतुराबाई उंबऱ्यात उभी राहून सगळं ऐकत होती. तिनं त्याचा टॉवेल त्याच्या अंगावर टाकला. "दोन साल बाजेवरून नोकरी केलाव. आता जावा की पायानं."

जीप टेकडीखाली थांबली. पुढं पायवाट. ऊन असं की दगडाला हात लावला तर फोड यावा. बारा वाजायला आले होते. लोक रात्रीला भितात. माळावरच्या माणसाला विचारा, तो भर दुपारला भितो. रात्री काहीतरी आवाज तरी असतो. दुपारी सावली पायाखाली जाऊन बसते, पाखरू ओरडत नाही, वारा एकदम थांबतो आणि आपल्याच कानात रक्त वाजायला लागतं.

ओढा कोरडा होता. पलीकडच्या काठाला खडकाची कपार. सिताराम सापडला ती जागा बरोबर अलीकडं. लिंबाजीनं तिकडं बघितलं नाही. दोघं बोरीच्या झुडपामागं बसले.

काहीच दिसेना. साहेबांनी घड्याळ बघितलं. लिंबाजीनं मनात सोमवारचा बुलडोझर बघितला, मग नोकरी जाऊन दारात बसलेल्या स्वतःला. पंधरा मिनिटं गेली. वीस गेली.

आणि वास आला. नव्या ज्वारीच्या धुळीचा, गोणपाटाचा वास. त्या माळावर दोन-दोन कोस शेत नव्हतं.

लिंबाजीच्या मानेवर घाम होता, तो गार पडला.

"लाभ..."

मागून. अगदी खांद्यामागून. कपारीतून एक लांडगीण बाहेर आली. मागचा डावा पाय उचलून धरलेला.

"दोन... तीन..."

तिच्यामागं पिल्लं आली, धुळीच्या रंगाची. एक पडलं, एक त्याच्यावर चढलं.

"चार..."

मग बराच वेळ काही नाही. लिंबाजीनं डोळे गच्च मिटले होते.

"...पाच."

साहेब त्याच्या कानाशी कुजबुजले, "हळू मोज, लिंबाजी. पळतील ती."

लिंबाजीनं तोंड उघडलं नव्हतं. दात इतके आवळलेले होते की उघडलंही नसतं.

परतताना साहेब खुशीत होते. "ही अशी माहिती पाहिजे. नाहीतर आम्ही इथं पिल्लांवरून बुलडोझर फिरवला असता." जीपमध्ये त्यांनी स्वतःची पाण्याची बाटली लिंबाजीला दिली. लिंबाजी पाणी प्यायला आणि एकाएकी त्याला रडू फुटलं. साहेबांना वाटलं, ऊन लागलं. पण तसं नव्हतं. दोन वर्षं छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलला होता. पिल्लं वाचली होती, नोकरी वाचली होती, आणि सिताराम, काहीही असो, रागात नव्हता.

बुलडोझर आला नाही. आषाढात लिंबाजी कायम झाला. सहीसाठी त्याला परभणीला बोलावलं. ऑफिसातली कामं उरकली आणि त्याला राहवेना. तो कॉम्प्युटरच्या खोलीकडं गेला. तिथं धूळ चालत नाही म्हणून चपला दाराबाहेर काढायच्या होत्या. दारात एक जोड आधीच होता. लिंबाजी साहेबांच्या भीतीनं घाईत होता, त्यानं आपला जोड शेजारी काढला आणि आत शिरला.

आत गारवा होता. यंत्रासमोर उमादेवी नावाची बाई बसली होती, आकडे भरायचं काम तिचंच. दुसरं कुणी नव्हतं.

"बाई, मी राणीसावरगावचा लिंबाजी. माझे कागद जरा बघायचे हायेत."

तिनं गठ्ठा काढून दिला. चौदा नंबर. लिंबाजीचंच अक्षर, लिंबाजीचीच शून्यं, सगळी जिथल्या तिथं.

"मग लांडगे कसे काय भरलाव तुमी?"

"तुमचं अक्षर मला लागत नाही हो," उमादेवी हसली. "म्हणून तर तुम्ही माणूस पाठवता ना? तो शेजारी बसून वाचून सांगतो, मी भरते. भला माणूस आहे. पण एकला एक म्हणत नाही. पहिल्यांदा मला कळेचना, लाभ म्हणजे किती."

लिंबाजीनं भिंतीला हात टेकला.

"आता कधी... यायचा हाय तो?"

"आत्ताच होता की. तुम्ही यायच्या आधी उठला. म्हणाला, नऊ नंबरलाही शून्यंच आहेत. लिंबाजीला सांगा, तिकडंही जाऊन ये म्हणावं, पाऊस जोर धरायच्या आधी."

नऊ नंबरला लिंबाजी खरंच गेला नव्हता. ते त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

तो बाहेर आला. दारात त्याचा एकट्याचाच जोड होता. शेजारी फरशीवर टायरच्या नक्षीचे दोन ठसे होते, पांढऱ्या मुरमाचे, आणि त्यातल्या एकात तांब्याच्या तारेचा तुकडा पडला होता.

लिंबाजीनं तो उचलला. ऊन नव्हतं, आभाळ भरून आलेलं होतं. तरी तार हातात धरवेना, इतकी तापलेली होती.