फीत राहिलेलं पान

शिडीवरून सुटलेली झेंडूची माळ थेट अल्काच्या खांद्यावर पडली.

"माफ करा जी... हात सटकला," शिडीवरचा तरुण म्हणाला. अमृत मिंज. चर्चमधल्या वेदीची मांडामांड हल्ली त्याच्याकडे होती, अन् कालच्या लग्नाची फुलं तो आत्ता उतरवत होता.

"बाकीच्या तरी लवकर काढा. आज माझ्या आईची मिस्सा आहे."

तो घाईघाईनं उरलेल्या माळा सोडवू लागला. अल्काला आपल्या फटकळ जिभेची लाज वाटली.

आईला जाऊन वर्ष झालं होतं. देवरीच्या या छोट्या चर्चमध्ये पुण्यतिथीच्या मिस्सेत, म्हणजे प्रार्थनाविधीत, पहिलं वाचन घरच्यांनीच करायचं अशी रीत, अन् घरात आता ती एकटीच उरलेली. आजारपणात आईच्या उशाशी बसून तिनं रोज पवित्र शास्त्र वाचलं होतं. तरी आई गेलीच. त्या दिवशी पुस्तक मिटलं ते मिटलंच. आज वाचता आलं नाही तर या दारात पुन्हा पाऊल टाकायचं नाही, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

मिस्सा सुरू झाली. वाचनाच्या ग्रंथात खुणेची रेशमी फीत होती ते पान तिनं उघडलं अन् मान वर न करता वाचू लागली.

दोन ओळींतच कळलं — हे मरणाचं वाचन नव्हे. प्रियकर डोंगर ओलांडून येतो, खिडकीशी उभा राहतो. म्हणतो, पावसाळा सरला, फुलं आली, आता ऊठ... कालच्या लग्नातलं पान. बाकांवर कुजबुज झाली, फादर चुळबुळले. अल्का थबकली. पण ते 'ऊठ' तिला आईच्या आवाजात ऐकू आलं. तिनं शेवटपर्यंत वाचलं. डोळे वाहत होते, आवाज मात्र कापला नाही.

बाहेर आवारात अमृत खाली मान घालून समोर आला.

"फीत माझ्याच हातून कालच्या पानावर राहिली. तुमाले पाहून... काईच सुचलं नाई. बोला मले."

"कायले बोलू? वर्षभर देवाशी अबोला होता माझा. आज तोच पहिले बोलला."

"खरं सांगू काय? तुमी 'ऊठ' वाचून राहिल्या होत्या, तवा वाटलं... उठून तुमच्याजवळ येऊन उभं राहावं."

"मंग काऊन नाई आले?"

अल्का पदरानं डोळे पुसत हसली. वर्षभरात पहिल्यांदाच.

"चला," ती म्हणाली, "आईची कबर मागंच आहे. तिले तुमचं नाव सांगू."