चाड्यावरची मूठ

हे खरं आहे. माना नाहीतर सोडून द्या, खोटं बोलून मला काय मिळायचंय? ज्यांच्या घरी घडलं ते माझ्या आईच्या नात्यातले. सगळं त्यांच्या लेकीच्या तोंडून ऐकलंय.

भुताची गोष्ट म्हटलं की लोकांना अमावस्या लागते, वडाचं झाड लागतं. इथं तसलं काही नाही. गेल्या सालची रब्बीची पेरणी, मुरुम गावाच्या अलीकडचं एक शिवार, आणि भर दुपारचं ऊन.

शिवरंजनी ही सिद्धाराम आप्पांची एकुलती एक लेक. शेतकी शिकलेली. गावोगाव फिरून जुनी गावरान वाणं शोधायची आणि त्यांची माहिती एका वेबसाईटवर चढवायची, हे तिचं काम. वाण कुठलं, बी कुणाकडं मिळेल, आणि प्रयोगशाळेनं काढून दिलेला त्याचा डीएनए. ओळीच्या ओळी नुसती अक्षरं. जगात कुणीही उघडून बघावं.

तिनं चढवलेलं पहिलं वाण घरचंच होतं. आईची झिपरी ज्वारी. कणीस सैल, मोकळं, म्हणून झिपरी. तिच्या आईनं, इरम्मानं, हे बी सासूकडून घेतलं आणि जन्मभर जपलं.

श्रावणात इरम्मा गेली. साध्या तापाचं निमित्त झालं.

शिवरंजनी रडली नाही. तिला काही वाटतच नव्हतं. चहा गरम आहे का गार, तेही कळत नव्हतं.

घरात माणसांची रीघ लागली. शेजारच्या बायांनी चूल सांभाळली, हाताला लागेल ती ज्वारी दळून आणली. राख लावून मडक्यात ठेवलेलं बीसुद्धा चाळून दळलं. माणसं भाकरी खाऊन गेली आणि झिपरी संपली. बोलायचं तरी कुणाला? जो तो मदतीलाच आलेला.

प्रयोगशाळेला दिलेलं पाकीट चिमूटभर होतं, ते तपासणीतच संपलेलं. तिनं गावं पालथी घातली, इतरांच्या वेबसाईटा धुंडाळल्या. झिपरी कुठंच नाही. अक्षरं तेवढी राहिली, आणि अक्षरं काही पेरता येत नाहीत.

आप्पांनी अन्न टाकलं. बसायचे, भाकरीचा कुटका मोडायचे, हात धुवायचे. लेकीला एकदाच म्हणाले, "तिचं एक धाट जरी रानात उभं ऱ्हायलं असतं, तर म्या जेवलो असतो."

बाप वाळत चालला होता. शिवरंजनीला तेवढं मात्र दिसत होतं.

पेरणी आली. दुकानातून बियाण्याची पिशवी आणली. आप्पा अजून बैलांच्या तिफणीनंच पेरतात. तिफणीवर लाकडाचं वाडगं असतं, ते चाडं. मागून चालणारी बाई त्यात मुठीमुठीनं बी सोडते आणि ते तीन नळ्यांतून मातीत उतरतं. सगळी हयात ही मूठ इरम्मानं धरली. त्या दिवशी लेक धरणार होती.

ओटीत बी घेऊन ती निघाली आणि ऑफिसचा फोन आला. ती बांधावरच थांबली.

आप्पांनी मागं बघितलं नाही. कधी बघायची गरजच पडली नव्हती ना! हाळी दिली आणि तिफण हाकली.

मागं कुणी नाही. चाडं रिकामं.

ती हाक मारणार होती, तेवढ्यात तिला ऐकू आलं...

सळसळ... सळसळ...

नळ्यांतून बी उतरत होतं.

बैलं चालत होती, पण घुंगरं वाजत नव्हती. फोनमधलं माणूसही गप्प झालं होतं.

आप्पा पलीकडच्या कडेला पोचले. वळले. बांधावर लेक दिसली, ओटी तशीच भरलेली.

"तू हितं, तर मूठ कुणी धरली?"

ती ओटी सावरत त्यांच्याकडं निघाली.

"बांगड्या वाजत व्हत्या," आप्पा म्हणाले. मग त्यांनी बैलं वळवली, आणि पुढची मूठ लेकीनं धरली.

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तिनंही मनाची तशीच समजूत घातली. भास झाला असेल.

पण रिकाम्या चाड्याच्या त्या तीन ओळी सगळ्या रानाच्या आधी उगवल्या. आणि कणसं बाहेर पडली तेव्हा...

झिपरी होती.

आप्पा बांधावर बसून ढसाढसा रडले. शिवरंजनीनं त्याच दिवशी वेबसाईटवर लिहिलं, बी उपलब्ध. खाली आपला नंबर टाकला.

दाणा भरला. शेजारच्या ओळींवर चिमण्या, साळुंक्या तुटून पडल्या. या तीन ओळींवर... एकही नाही. मुंगीसुद्धा चढत नव्हती.

तिनं पान तपासायला धाडलं. प्रयोगशाळेतला शांतलिंग थट्टेखोर. म्हणाला, मॅडम, रिकामी पिशवी धाडली का काय? तिनं पुन्हा धाडलं. मग स्वतःच घेऊन गेली. या वेळी तो हसला नाही.

"पान हिरवं हाय. सडलेलं न्हाय. पण आत काहीच न्हाय, मॅडम. डीएनएच न्हाय. असं कधी असतंय का?"

त्यानं कॉम्प्युटरवर जुनं आणि नवं शेजारी शेजारी लावलं. एका बाजूला आईच्या ज्वारीची अक्षरं. दुसऱ्या बाजूला... नुसतं पांढरं.

काढणी झाली होती. आप्पांना सगळं सांगायचं ठरवूनच ती घरी आली. आप्पा जेवत होते. शेजारच्या धुरपदाबाईनं झिपरीच्या भाकरी थापून दिल्या होत्या.

"बस, खा," आप्पा म्हणाले. "तिच्याच हातची चव हाय."

तिनं घास घेतला. चव लागली नाही. पण आई गेल्यापासून तिला कशाचीच चव लागत नव्हती. मग खोट ज्वारीत का आपल्यात, हे तिला कसं कळावं?

धुरपदाबाईनं जाताना बी मागितलं. आमच्याकडं बी मागणाऱ्याला रिकाम्या हातानं परत पाठवत नाहीत, आपलंच रान वांझ होतं म्हणतात. आप्पांनी तिच्या पदरात ओंजळ भरून टाकली. शिवरंजनीनं बोलायला तोंड उघडलं. मग तिनं बापाकडं बघितलं. त्यांच्या गालांवर मांस आलं होतं. उघडलेल्या तोंडात तिनं पुढचा घास घातला.

आता तिला वेबसाईट बघून फोन येतात. उपलब्ध खोडून 'नाही' करायला कितीसा वेळ लागतो? भीती वाटते, म्हणते. पण तीसुद्धा दुसऱ्याच कुणाची असावी, अशी लांबून वाटते.

परवा मी तिथं होतो. आप्पांनी जेवायचा लई आग्रह केला. पोट भरलंय म्हणून मी सुटका करून घेतली. खरं तर भूक होती.

तेवढ्यात परंड्याहून फोन आला. कुणी योगीराज नावाचा शेतकरी. झिपरीचं बी हाय का, म्हणत होता. शिवरंजनीनं आतल्या दाराकडं बघितलं. आत आप्पा दुसरी भाकरी मागत होते.

"हाय," ती म्हणाली. "कधी येताय न्यायला?"