एक्केचाळीस डोकी

मोजणी कधी खोटं बोलत नाही, अशी व्हेरिटी पास्कोची श्रद्धा होती. एका दिवसात ऑक्सफर्ड आणि केंब्रिज दाखवण्याचं काम ती सव्वीस वर्षं करत होती. गुरुवारी सकाळी प्रत्येकाच्या छातीवर पिवळा बिल्ला लावून तिने लंडनहून एक्केचाळीस माणसं घेतली. ऑक्सफर्ड सोडताना एक्केचाळीस मोजली. सव्वातीनला केंब्रिजच्या बसतळावर एक्केचाळीस उतरली.

त्यांत वॉल्टर हॅलम नव्हता.

हे त्याची बहीण एडिथ हिच्या लक्षात आलं. सकाळी दोघांचं भांडण झालं होतं, म्हणून ती दुसऱ्या रांगेत आणि तो शेवटच्या रांगेत, असा अबोला चालू होता. भांडण इन्शुलिनवरून होतं. इंजेक्शन आपल्याच पर्समध्ये राहील, असा एडिथचा हट्ट होता. ते तिथेच होतं. चारला ते द्यायचं होतं. नऊ वर्षांपूर्वी एकदा चुकलं तेव्हा वॉल्टर आठवडाभर इस्पितळात होता.

"शेवटचं मी त्याला 'म्हातारं बाळ' म्हणाले," एडिथ म्हणाली. पर्स तिने दोन्ही हातांनी छातीशी धरली होती.

व्हेरिटीने पोलिसांना फोन लावला. किती माणसं कमी आहेत, असं पलीकडून विचारलं गेलं. एकही नाही, असं तिला सांगावं लागलं. कमी झाली की कळवा, असं उत्तर आलं.

साडेतीन वाजले. मे महिन्याचं ऊन चांगलंच लागत होतं. गळ्यापर्यंत रेनकोट बंद केलेला एक घामाघूम गृहस्थ रोपाची कुंडी सांभाळत उभा होता. एडिथला चहा हवा का, हे त्याने तिसऱ्यांदा विचारलं. ड्रायव्हर क्लेम म्हणाला, "बाईसाहेब, पुन्हा मोजा. बेचाळीस निघाले तर माझं नशीब."

शेवटच्या रांगेत वॉल्टरच्या शेजारी मिसेस ऑटली होत्या. व्हेरिटी त्यांच्याकडे वळली.

"वॉल्टर प्रवासात कसे होते?"

"सकाळी फार बोलले. ऑक्सफर्डनंतर एकदम गप्प. मला वाटलं, माझंच काही चुकलं. म्हणून पेपरमिंट दिली."

"त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलंत?"

"गप्प बसलेल्या माणसाकडे टक लावून बघायचं?" मिसेस ऑटली दुखावल्या.

व्हेरिटीने सगळ्यांच्या बिल्ल्यांवरून नजर फिरवली. मग सरळ रेनकोटवाल्यासमोर जाऊन उभी राहिली.

"हे रोप कुठून घेतलंत?"

"ऑक्सफर्डच्या वनस्पती उद्यानातून."

"आपण उद्यानात गेलोच नाही. कोटाची बटणं काढता का, जरा?"

त्याने काढली. आत पिवळा बिल्ला नव्हता.

"मोजणी बरोबरच होती," व्हेरिटी सगळ्यांना म्हणाली. "एक माणूस राहिला आणि एक वाढला. ऑक्सफर्डला आपल्या शेजारी अगदी अशीच हिरवी बस उभी होती. हे गृहस्थ त्या बसचे. मी डोकी मोजली, चेहरे बघितलेच नाहीत. यांना मात्र चूक कळली होती. म्हणूनच हा बंद कोट आणि हा चहाचा आग्रह. केव्हा कळली?"

"पाचव्या मिनिटाला," तो म्हणाला. त्याचं नाव डेस्मंड टॅप्ली, लेस्टरच्या बागप्रेमी मंडळाचा खजिनदार. "सांगणारच होतो. पण या बाईंनी पेपरमिंट दिली. ती घेतल्यावर मी इथला नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. पुढे तर आणखीच अवघड होत गेलं."

"आणि माझा भाऊ?" एडिथने विचारलं.

टॅप्लीने खाली मान घालून मंडळाच्या सेक्रेटरीचा नंबर दिला. चारला दहा कमी होते. सेक्रेटरीबाईंनी फोन उचलला आणि ठणकावून सांगितलं, आमचं कोणीही हरवलेलं नाही, सदतीसच्या सदतीस चहाला बसलेत. व्हेरिटीने एकेकाच्या चेहऱ्याकडे बघायची विनंती केली. बराच वेळ नुसत्या कपबश्या वाजत राहिल्या.

मग वॉल्टर फोनवर आला. चूक त्यालाही लगेच कळली होती, पण मंडळी गुलाबांबद्दल इतकी मनापासून बोलत होती की मध्येच तोडणं त्याला जमलं नाही.

एडिथने फोन हिसकावून घेतला. "वॉल्टर, इंजेक्शन माझ्याकडे आहे रे." ती रडत होती.

वॉल्टरने आत्ताच घेतलं होतं. गेली नऊ वर्षं तो दुसरं इंजेक्शन खिशात ठेवत असे.