तिसरी हाक

रघूला शोधायला आम्ही निघालो, ती माघातली सकाळ होती. माझा धाकटा भाऊ मधाची पोळी उतरवायला संस्थानच्या राखीव जंगलात शिरला, त्याला तीन दिवस झाले होते. त्याचा कुत्रा झिप्र्या पायात काटा मोडल्यामुळे घरी राहिला होता. आता तोच आमचा वाटाड्या.

कोंडाजीमामांनी कोयता, दोर आणि देवाचा अंगारा घेतला. मी एक कोरं पांढरं कापड घेतलं. कशाला, ते कोणी विचारलं नाही. रडू येईल म्हणून मी वाट पाहिली. आलं नाही.

नाक्यावर राखणदार सदाने हुकूम ऐकवला : कुत्रा दोरीलाच हवा, सुटला तर गोळी. सांगताना छाती अशी फुगली, जणू दरबाराने त्याला विचारूनच हुकूम काढला होता. पण वाघाच्या वाटेवर एकट्याने गस्त घालणं त्याच्या जिवावर यायचं, म्हणून बंदूक घेऊन तोही आमच्यात मिसळला.

दोन टेकड्या झाल्या. कारवीने दंड सोलले. सुळक्याच्या माथ्यावरून, जिथून खाली निळी खाडी आणि काळीभोर घळ एकदम दिसते, मी हाक दिली, "रघू!" पुन्हा दिली. घळीने माझाच आवाज परत केला. तिसरी मारलीच नाही. जो नाही त्याला किती बोलवायचं?

घळीत उतरताना दगड सुटला! मामा घसरले! सदाने त्यांचा पंचा धरला, मी सदाला धरलं, आणि तिघे एका करवंदीच्या जाळीत अडकलो. सदा देवाचं नाव घेत होता, मामा सदाच्या आईचं.

तेवढ्यात खालून आवाज आला. "दादाऽ..."

मामांनी माझ्या तोंडावर हात दाबला. रानात पहिल्या दोन हाका चकव्याच्या, माणूस असेल तर तिसरी मारतो. तोवर ओ द्यायची नाही. हे आमच्या गावात पोर चालायच्या आधी शिकतं.

"दादाऽ..." दुसरी. क्षीण.

आम्ही थांबलो. तिसरी आलीच नाही. मामांनी अंगारा फुंकला.

झिप्र्याने हिसडा दिला. मी दोरी सोडली.

सदाने बंदूक रोखली! मी नळीपुढे उभा राहिलो. भीती वाटायला हवी होती.

"बाजूला हो. माझी नोकरी जाईल," सदा म्हणाला.

मी हललो नाही. खाली झिप्र्या भुंकला. हरणावर भुंकतो तसा नाही. सदाने नळी खाली केली. "मी काय बघितला न्हाय," तो म्हणाला.

डबक्याशेजारी रघू पडला होता. मांडी मोडलेली, ओठ फुटलेले. झिप्र्या त्याचं तोंड चाटत होता. मी कोरं कापड दातांत धरून फाडलं आणि कारवीच्या काठ्या त्याच्या मांडीला बांधल्या.

"वरनं तुझी हाक ऐकली," रघू म्हणाला.

"मग ओ का न्हाय दिलीस?"

"दोनदाच मारलीस, दादा. तिसरीची वाट बघत व्हतो. मग मीच वरडलो, पन तिसरीला दम न्हाय उरला."

मामा दुसरीकडे बघू लागले. कड्यावरची पोळी तशीच राहिली. कोणी मान वर करून पाहिलीसुद्धा नाही.

रघूला पाठीशी बांधून मी माथ्यावर पोचलो, तेव्हा ऊन कलत होतं. मी थांबलो, खाडीकडे तोंड केलं आणि जीव खाऊन ओरडलो, "रघूऽऽ!"

माझ्या कानाशीच तो म्हणाला, "ओ."