भोपू फक्त सुनेलाच चावतो

भोपू सुनेला चावला याबद्दल वाद नव्हता. तिच्या मनगटावर पट्टी होती. का चावला, यावरून मात्र घर फुटायची वेळ आली होती.

सासूबाईंनी सरळ गुप्तहेरालाच बोलावलं, म्हणजे सगळे ज्यांना वहिनी म्हणत त्यांना. सोबत त्यांचे दीर, भाऊजी. ते गाडी चालवत आणि वहिनींच्या आधी चुकीचा निष्कर्ष काढत. दोन्हींत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

भाऊजींनी दोनदा बेल दाबली. खिडकीतून लाकडी जमिनीवर झोपलेला कुत्रा दिसत होता. तो हलला नाही. सासूबाई धपधप चालत दाराशी आल्या, तेव्हा कुठे उठला.

"मालकिणीशिवाय कुणाला भीक घालत नाही," भाऊजी कुजबुजले.

सासूबाईंचं म्हणणं साधं होतं. महिन्यापूर्वीपर्यंत भोपू सुनेच्या पायात लोळायचा, आता तिच्यावरच धावून जातो. मुकं जनावर खोटं बोलत नाही. घरात कुणी नसताना ती मारत असणार. हे त्यांनी मुलासमोर बोलून दाखवलं होतं आणि मुलाने मान खाली घातली होती. त्यांना पुरावा हवा होता.

सासरे काठी टेकत आले. त्यांच्या मते कुत्रा उलट सुधारला होता. पूर्वी मिक्सर लागला की पलंगाखाली घुसायचा, आता शेजारी बसतो. मुलगा कारखान्यातून आला तो जड बुटांसकट भोपूजवळ जाऊन बसला. आई खरी की बायको, त्याला काहीच कळेनासं झालं होतं.

"दाराजवळ ही भरलेली बॅग कुणाची?" भाऊजींनी विचारलं.

"माझी." उत्तर मागून आलं आणि भाऊजी दचकले. सून कधी येऊन उभी राहिली, कुणालाच कळलं नव्हतं. ती नर्स होती. रुग्णांची झोप मोडू नये म्हणून अशी चालायची सवय लागलेली. "मी हाका मारते, तो बघतही नाही. जवळ जाऊन हात लावला की अंगावर येतो. सगळ्यांना सांगून झालं."

"तिला दवाखान्याचा वास येतो," भाऊजींनी निकाल दिला.

"तो लग्नाआधीपासून येतो. चावणं नवीन आहे," वहिनी म्हणाल्या. भोपू पुन्हा झोपल्यावर त्यांनी ताट आणि पळी मागवली आणि खुर्चीत बसल्या जागीच, त्याच्या पाठीमागे, ताट बडवलं. सासऱ्यांनी कान झाकले. भोपूचा कान हलला नाही. मग त्यांनी जमिनीवर हलकेच टाच आपटली. भोपूने डोळे उघडले.

"याला ऐकू येत नाही, ताई. बेल नाही, मिक्सर नाही. तुमची पावलं, यांची काठी, मुलाचे बूट जमिनीतून कळतात. हिचं पाऊल वाजतच नाही. अचानक पाठीवर हात पडला की घाबरून चावतो. डॉक्टरांना कान दाखवा. आणि सुनेचं म्हणाल, तर चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती."

सुनेने लांबूनच टाच आपटली. भोपू वळला, तिला बघितलं आणि शेपटी हलवत तिच्या पायात येऊन लोळला. ती खाली बसून रडायला लागली.

सासूबाईंनी बॅग उचलून आत नेऊन ठेवली. परत आल्या आणि सुनेशेजारी जमिनीवर बसल्या.

"हाकेला बघत नाही, हे तू पहिल्या दिवशीच सांगितलं होतंस," त्या म्हणाल्या. "अजून काय काय सांगितलं होतंस गं, जे आम्ही ऐकलं नाही?"