कापलेलं गाणं

"झोपाळ्याचं गाणं आहे ना ह्यात?"

फळ्यावर सिनेमाचं नाव लिहिता लिहिता कानिफनाथनं मान वळवली. निळी साडी, उन्हानं बारीक केलेले डोळे, शेपटा पुढं घेतलेला... गडी तिथंच गार.

"हाय की. सगळंच हाय."

साफ खोटं. तो तंबूतल्या टुरिंग टॉकीजचा ऑपरेटर. मागच्या मुक्कामाला सोनईत पब्लिक कंटाळून शिट्ट्या मारायला लागलं, म्हणून त्यानंच ते गाणं रिळातून कापलं होतं. खेळ लवकर उरकावा म्हणून सगळेच ऑपरेटर कापायचे. तुकडा त्यानं चहाच्या चुलीत सारला. जुनी फिल्म भसकन पेटते.

पोरीचं नाव विजयमाला. सिनेमातली नटी छबूबाई तिची मावशी, इथंच भिंगारला राहायची. विजयमाला दुसऱ्या दिवशी तिकिटाच्या निमित्तानं आली. तिसऱ्या दिवशी निमित्तसुद्धा नव्हतं. तिनंच सांगितलं – मावशी खर्ड्याची, चौदाव्या वर्षी कोल्हापूरला स्टुडिओत गेली, कॅमेऱ्यापुढं स्वतः गायची. नऊ सिनेमे झाले. मग दुसरीच्या आवाजावर ओठ हलवायची पद्धत आली. मावशीनं काही ओठ हलवले नाहीत, घरी निघून आली. आता घशाच्या ऑपरेशनपासून नुसती कुजबुजते. तिला आपला आवाज एकदा ऐकायचाय.

"आवाज मोठा ठेवा हं."

"तुमी पुढं बसल्यावर माजं मशीनकडं ध्यान ऱ्हाईल व्हय?"

"मग मागं बसते... मशीनपाशी."

कानिफनाथ नुसता हसला. खरं सांगावं, तर ही परत यायची नाही.

खेळाला छबूबाई इस्त्रीचं नऊवारी नेसून आल्या. पडद्यावरची तरुण छबूबाई झोपाळ्याकडं चालत गेली – आणि खट्कन विहिरीवर रडताना दिसली. कानिफनाथनं मशीनवरची मान वर केली नाही.

सकाळी विजयमाला तंबूत आली. आवाज अगदी शांत, तेच वाईट.

"मावशीला वाटतंय तिचा डोळा लागला. आपल्याच गाण्याला झोपले, म्हणून तोंड लपवून बसलीय. काय सांगू तिला?"

तो तिच्यामागं निघाला. छबूबाईंपुढं मान खाली घालून सगळं सांगितलं. शिट्ट्या, कात्री, चूल.

"आन् हिला बी खोटं बोललो. ही येत ऱ्हावी म्हनून."

छबूबाईंनी तोंडावरचा पदर बाजूला केला.

"म्हणजे मी झोपले नव्हते," त्या कुजबुजल्या. चेहरा जरा सैल झाला. मग भाचीकडं वळल्या. "विजू, म्हण. काय जाळलं ते कळू दे ह्याला."

विजयमाला गायली. त्याच्याकडं न बघता, तिन्ही कडवी. आपल्यापेक्षा शिट्ट्या मारणारे परवडले, असं कानिफनाथला वाटलं. तिसऱ्या कडव्याला डोळे भरले, ते पुसायचीही लाज वाटली.

दारापर्यंत ती आली.

"तंबू कुठं जाणार आता?"

"शेवगावला. मग माघारी हिकडूनच... पन मी कुठल्या तोंडानं येऊ?"

"आहे त्याच." ती दाराच्या कडीशी चाळा करत होती. "मावशी रागावलीय. मी तर जास्तच. एका फेरीत नाही जायचा हा राग... चार-पाच तरी लागतील."

"धा मारतो."

"मारा," ती म्हणाली, आणि दार लोटताना तिनं सकाळपासून पहिल्यांदा त्याच्याकडं बघितलं.