माकणीच्या धरणातली दुसरी मोजणी

धरणातले मासे मोजायचे म्हणजे सगळे थोडेच बाहेर काढता येतात! हर्षालीची रीत साधी. जाळ्यात येतील तेवढे मासे मोजायचे, डावा पर टोकाशी कातरायचा अन् पाण्यात सोडायचे. मग काही दिवसांनी पुन्हा जाळं टाकायचं. खुणेचे किती सापडले, त्यावरून सगळ्यांचा अंदाज बांधायचा. तिचे नावाडी व्यंकटकाका यावर भलतेच खूश होते.

"म्हंजी आपुनच खूण करायची, आपुनच पुन्हा धरायचं. लई बेस!"

आज दुसरं जाळं. ऊन मी म्हणत होतं. पहिला कटला हातात घेतला अन् हर्षाली थबकली. डावा पर शाबूत, उजवा मात्र कातरलेला. रोहू तसाच. चिलापी तशीच. सत्तावन्न मासे, सगळ्यांचे उजवे पर कातरलेले.

"काका, ही कुणाची थट्टा?"

"थट्टा कोन करंल, बाई? हितं आपल्याबिगर कुनाचं जाळंच न्हाय. चला, माघारी जाऊ."

पण परवा धाराशिवच्या मत्स्य कार्यालयात अहवाल द्यायचा होता. तिनं हट्टानं पुन्हा जाळं टाकायला लावलं, ते तळाशी अडकलं.

"बुडालेल्या बाभळीत गुंतलं असेल. सोडवा तेवढं."

काका नको नको म्हणत होते. तरी साठीच्या माणसाला तिनं पाण्यात उतरवलंच.

दोन मिनिटं झाली. पाच झाली. बुडबुडाही नाही.

"काका! अहो काका!" ती रडायलाच लागली. आपण माणूस मारला, एवढंच डोक्यात.

मग काका वर आले. धाप नव्हती. उजव्या कानाची पाळी सरळ कातरलेली होती. रक्ताचा टिपूस नाही.

"कोण होतं खाली?"

"दिसलं न्हाय. आडवं निजवलं. डोक्यापासनं टाचंपतुर मोजलं. मग सोडलं."

तिनं स्वतःच वल्ही मारत नाव काठाला आणली.

"काका, तुम्हाला माझी शपथ. आता पाण्याकडं फिरकायचं नाही."

"मासं काय आपल्याला इचारून जाळ्यात येत्यात व्हय, बाई?" काका शांतपणे म्हणाले. "आपुन दुसरं जाळं आठ दिसांनी टाकलं न्हवं?"

हर्षालीनं बोटांवर आठ दिवस मोजले.

काकांनी नावेत काढून ठेवलेल्या सदऱ्यातून फोन काढला, बायकोला लावला.

"सखू, दळान टाकाया निघालीस का? माझ्या वाट्याचं आठच दिसांचं टाक."